बीजगणिताचा पेपर आणि आपले घर



रब्बीच्या पेरण्या उरकल्या आहेत, कांद्याच्या लागवडी चालू आहेत, ऊसतोडीच्या टोळ्या फडावर पोचल्या आहेत. अशा धांदलीत आज मी तुमच्यापुढे खताचा किंवा फवारणीचा विषय मांडणार नाही. आज बोलायचे आहे बीजगणितावर. पण लगेच पान उलटू नका. तुमच्या घरात किंवा भावकीत दहावीचे एखादे लेकरू असेल, तर हे चार शब्द त्याच्यासाठी आहेत आणि त्याहून जास्त तुमच्यासाठी आहेत. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणजे नेमकी हरभऱ्याच्या काढणीत आणि गव्हाच्या सोंगणीत. तेव्हा जागे होणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. खणायची वेळ आता आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा शाळेत गणित शिकवीत होतो. असेच थंडीचे दिवस होते. एक गृहस्थ सकाळीच आमच्या ओसरीवर येऊन बसले. बरोबर त्यांची मुलगी होती, ती खांबाआड उभी राहिली. ते म्हणाले, "गुरुजी, पोरीला चाचणीत बीजगणितात चाळीसपैकी नऊ मार्क पडले. आमच्या घरात कोणालाच गणित आलं नाही, तर तिला कुठून येणार? नापास व्हायला कशाला बसवायची? काढतो शाळेतनं. आईच्या हाताखाली तरी येईल."

मी मुलीला विचारले, "बाळ, मागच्या बाजारात मेथी किती गेली?" ती म्हणाली, "बासष्ट जुड्या." "भाव?" "चाळीस गेल्या पंधरानं. उरलेल्या बावीस उन्हं चढल्यावर दहानं दिल्या." "मग पैसे किती झाले?" डोळ्याची पापणी लवण्याआधी तिने सांगितले, "आठशे वीस."

मी तिच्या वडिलांकडे पाहिले. ते जमिनीकडे पाहत होते. मग मी चाचणीची उत्तरपत्रिका मागून घेतली. अकरा गणितांपैकी सात गणितांची सुरुवात अगदी बरोबर होती. कुठे अधिकाचे उणे झाले होते, कुठे दोन पायऱ्या एकदम उडी मारून पार केल्या होत्या, एका ठिकाणी ६८ चे ८६ उतरवून घेतले होते. पीक चांगले उगवले होते, फक्त खुरपणी झाली नव्हती.

मंडळी, बीजगणिताची धास्ती घेऊन बसलेल्या बहुतेक मुलांचे असेच असते. म्हणून हे तण कोणते आणि ते कसे काढायचे ते आज पाहू. घरात मूल असेल तर त्याला जवळ बोलवा आणि पुढचा मजकूर त्यालाच मोठ्याने वाचायला लावा.

बीजगणित म्हणजे काय?

जी संख्या ठाऊक नाही तिला एक नाव द्यायचे, तिच्याविषयी जे ठाऊक आहे ते लिहून काढायचे आणि त्यावरून तिला शोधायचे, एवढेच बीजगणित. हरवलेले जनावर आपण त्याच्या खुणेवरून शोधतो, तसेच. हल्ली पुस्तकात त्या संख्येला एक्स, वाय अशी इंग्रजी अक्षरे असतात. आपण इथे क्ष आणि य म्हणू.

ही विद्या परकी नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ पुरा केला. त्याचा एक भाग 'बीजगणित' याच नावाचा आहे. त्यात अज्ञात संख्यांना रंगांची नावे आहेत : कालक म्हणजे काळा, नीलक म्हणजे निळा, पीतक म्हणजे पिवळा. आणि त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. तेव्हा 'आपल्या मातीत गणित नाही' असे कोणी म्हणू नये.

पहिले तण : चिन्हाची चूक

समजा, ४क्ष − १५ = ६५ असे समीकरण आहे. बरोबरच्या चिन्हाला तराजूचा काटा समजा. दोन्ही पारडी सारखी आहेत. डाव्या पारड्यातले उणे १५ घालवायचे तर तिथे १५ टाकावे लागतील. मग उजव्या पारड्यातही १५ टाकले पाहिजेत, नाहीतर काटा झुकेल. म्हणून ४क्ष = ८० आणि क्ष = २०. घाईत पोर काय करते? ६५ मधून १५ वजा करते, ५० आणते आणि क्ष = १२.५ लिहून मोकळे होते. 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हे नुसते पाठ केले की अशी चूक होते. पारडे डोळ्यांपुढे असले की होत नाही.

कंसाचेही तसेच. खिशात ५०० रुपये होते. मजुराला ३०० दिले, पण त्याने मागची ५० ची उसनवारी लगेच परत केली. खिशात किती राहिले? ५०० − (३०० − ५०) म्हणजे २५०. कंसाबाहेर उणे असेल तर आतले उणे ५० बाहेर येताना अधिक ५० होतात. जो मुलगा ५०० − ३०० − ५० करून १५० लिहितो, त्याला म्हणावे, "बाबा रे, तुझ्या खिशातले शंभर रुपये कुठे गेले?"

दुसरे तण : मधला तुकडा विसरणे

२३ चा वर्ग काढताना २० चा वर्ग ४०० आणि ३ चा वर्ग ९ मिळवून ४०९ लिहिणारी मुले मी शेकड्यांनी पाहिली. खरा वर्ग ५२९ आहे. मग १२० गेले कुठे? अंगणात काडीने एक चौरस वावर काढा. बाजू २३ मीटर. प्रत्येक बाजूवर २० वर खूण करून दोन बांध घाला. चार तुकडे पडतील : एक मोठा चौरस, एक छोटा चौरस आणि दोन लांबट पट्ट्या, प्रत्येकी २० गुणिले ३ म्हणजे ६०. त्या दोन पट्ट्या मिळून १२०. वाटणीत कोणी अशा दोन पट्ट्या विसरला तर आपण कोर्टात जाऊ. मग वहीत का सोडायच्या?

तिसरे तण : रीत न लिहिणे

एका गिऱ्हाइकाने ३ विळे आणि २ खुरपी ८४० रुपयांना घेतली. दुसऱ्याने त्याच दुकानातून २ विळे आणि ३ खुरपी ७६० रुपयांना घेतली. एका विळ्याची आणि एका खुरप्याची किंमत काय?

विळा क्ष रुपये, खुरपे य रुपये असे आधी शब्दांत लिहावे. मग
३क्ष + २य = ८४०
२क्ष + ३य = ७६०

दोन्हींची बेरीज केली तर ५क्ष + ५य = १६००, म्हणजे क्ष + य = ३२०. वजाबाकी केली तर क्ष − य = ८०. या दोन सोप्या ओळींची पुन्हा बेरीज करा : २क्ष = ४००, म्हणून विळा २०० चा आणि खुरपे १२० चे. आता ताळा पाहा : तीन विळ्यांचे ६०० आणि दोन खुरप्यांचे २४०, झाले ८४०. दोन विळ्यांचे ४०० आणि तीन खुरप्यांचे ३६०, झाले ७६०. जमले.

हुशार पोर हे तोंडी सांगेल आणि वहीत नुसते '२००, १२०' लिहील. पेपर तपासणारा मात्र पायरीला गुण देतो. शेवटचे उत्तर चुकले तरी बरोबर पायऱ्यांचे गुण पदरात पडतात. पायरीच लिहिली नाही, तर तो देणार कशाला?

चौथे तण : उत्तराकडे मागे वळून न पाहणे

अंगणात पाईपची चळत रचली आहे. तळाला १५, त्यावर १४, त्यावर १३, असे करत सर्वांत वर ४. एकूण पाईप किती? ही झाली अंकगणिती श्रेढी. पहिले पद आणि शेवटचे पद मिळवायचे, ओळींच्या संख्येने गुणायचे आणि निम्मे करायचे. पण ओळी किती? १५ मधून ४ गेले, ११ ओळी, असे पुष्कळ मुले धरतात. मग उत्तर येते १०४.५. आता अर्धा पाईप आला कुठून? उत्तरच ओरडून सांगते आहे की चूक झाली. कुंपणाच्या खांबांसारखे आहे हे. दोन्ही टोकांचे मोजावे लागतात. ओळी १२, म्हणून १२ गुणिले १९ भागिले २, बरोबर ११४.

वर्गसमीकरणातही तसेच. घासाचा एक लांबट तुकडा आहे. लांबी रुंदीपेक्षा १० मीटरने जास्त, क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर, म्हणजे साधारण सहा गुंठे. रुंदी क्ष धरली तर क्ष(क्ष + १०) = ६००. म्हणजे क्ष² + १०क्ष − ६०० = ०. गुणाकार उणे ६०० आणि बेरीज १० येईल अशा दोन संख्या शोधा : ३० आणि उणे २०. म्हणून (क्ष + ३०)(क्ष − २०) = ० आणि क्ष = २० किंवा क्ष = −३०. दोन्ही उत्तरे लिहायची, आणि पुढे एक वाक्य लिहायचे : 'रुंदी ऋण नसते, म्हणून क्ष = २०.' हे वाक्य विसरू नये. रुंदी २०, लांबी ३०, गुणाकार ६००. ताळा जमला.

पाचवे तण : शंभर कशाचे?

अर्थनियोजनाच्या प्रकरणात वस्तू व सेवा कर येतो. हा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. एखाद्या वस्तूवर १८ टक्के कर असेल तर ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा. करासकट बिल २३६० रुपये झाले, तर मूळ किंमत किती? मुले २३६० चेच १८ टक्के काढून वजा करतात. पण कर बसला मूळ किमतीवर. मूळ १०० तेव्हा बिल ११८. म्हणून २३६० गुणिले १०० भागिले ११८, म्हणजे २०००. कर ३६०, त्यात १८० केंद्राचे आणि १८० राज्याचे. घरात मोटारीचे किंवा औषधाचे जुने बिल असेल, तर ते मुलाच्या हातात द्या आणि पडताळायला सांगा. अभ्यासही होईल आणि बिलही तपासून होईल.

संभाव्यतेतली नेहमीची चूकही जाता जाता सांगतो. दोन नाणी एकदम उडवली तर किती प्रकार होतात? मुले तीन म्हणतात : दोन्ही छापे, दोन्ही काटे, एक-एक. पण एक-एक दोन तऱ्हांनी येते. पहिल्यावर छापा व दुसऱ्यावर काटा, किंवा त्याच्या उलट. म्हणून प्रकार चार. सर्व प्रकार आधी लिहून काढल्याशिवाय पुढे जायचे नाही.

आठ आठवड्यांची मशागत

दहावीचे जे पुस्तक २०१८ साली आले, त्यात बीजगणिताची सहा प्रकरणे आहेत : दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. दर आठवड्याला एक प्रकरण घेतले तरी सहा आठवडे. उरलेले दोन आठवडे जुन्या प्रश्नपत्रिकांना. रोज पाऊण तास पुरे, पण रोज. रविवारी सहा तास आणि इतर दिवशी सुट्टी, हे ठिबकच्या जागी महिन्यातून एकदा पाट सोडण्यासारखे आहे. पाणी वाहून जाते, मुळाला लागत नाही.

पुस्तकातले सोडवलेले उदाहरण नुसते वाचू नये. एकदा वाचावे, पुस्तक मिटावे आणि कोऱ्या पानावर स्वतः करावे. अडले तर पुन्हा उघडावे, पुन्हा मिटावे. गाईड वाचून गणित आल्यासारखे वाटते, पण ते विहिरीच्या काठावर बसून दुसऱ्याचे पोहणे पाहण्यासारखे आहे. पाण्यात पडल्यावर ते कामाला येत नाही.

एक दुपदरी वही करावी, तिचे नाव 'चुकांची वही'. जे गणित चुकले ते तिच्यात उतरवावे आणि चूक कशी झाली ते एका ओळीत लिहावे. दर रविवारी त्यातलीच गणिते न पाहता पुन्हा करावी. दोनदा बरोबर आले की त्यावर रेघ मारावी. आणि तीन आठवड्यांनंतर प्रकरणे मिसळून गणिते घ्यावी, कारण पेपरात कोणते गणित कोणत्या प्रकरणातले हे कोणी कानात सांगत नाही.

पेपर ४० गुणांचा आणि वेळ दोन तासांची, म्हणजे १२० मिनिटे. शेवटची २० मिनिटे ताळ्यासाठी राखली तर एका गुणाला अडीच मिनिटे येतात. चार गुणांच्या प्रश्नाला दहा मिनिटे झाली आणि वाट सापडेना, तर जागा सोडून पुढे जावे. एका गड्ड्यात चाक रुतले म्हणून सगळी गाडी तिथेच उभी करायची नसते. घरी निदान चार पेपर घड्याळ लावून सोडवले, म्हणजे हा अंदाज हाताला बसतो.

आता घरच्यांचे काम

तुम्ही म्हणाल, "आम्हाला यातले काय कळते?" त्या मुलीची आईही हेच म्हणाली होती. मी तिला सांगितले, "बाई, तुम्हाला कळायची गरजच नाही. रोज संध्याकाळी तुम्ही भाकरी थापता, तेव्हा हिने चुलीजवळ बसून एक गणित तुम्हाला मोठ्याने समजावून सांगायचे. तुम्ही फक्त मधून मधून विचारायचे, 'हे असंच का केलंस?' एवढ्यावर तिची जीभ अडखळली, की समजायचे, तिथे कच्चे आहे. मग तिने ते दुसऱ्या दिवशी शाळेत विचारायचे." दुसऱ्याला सांगताना आपले आपल्यालाच उमगते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते.

वडिलांना मी तीन गोष्टी मागितल्या. रोज पाऊण तास, ज्यात कोणी 'जरा पाणी धर' म्हणून हाक मारणार नाही. एक जागा आणि एक दिवा. आणि तिसरी, सर्वांत अवघड : 'तुला येणार नाही' हे शब्द घरात उच्चारायचे नाहीत.

हे तिसरे मी का मागितले, तेही सांगतो. त्याच्या कितीतरी आधी, नोकरी नवी असताना, मी एका मुलाला भर वर्गात म्हणालो होतो, "तुझ्याच्याने गणित होणार नाही, तू नांगरच धर." तो दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही. आज तो मळणीयंत्र चालवतो. वीस-वीस शेतकऱ्यांचे पोत्यांचे, तासांचे, डिझेलचे हिशेब त्याच्या तोंडावर असतात. भेटला की वाकून नमस्कार करतो आणि माझी मान खाली जाते. नांगर धरणे कमीपणाचे नाही, मंडळी. पण तो त्याने स्वतः निवडायला हवा होता. मी त्याच्या हातात दिला, ही माझी चूक.

आणि समजा, एवढे करूनही विषय राहिला, तर? पूर्वी नापास मुलाला 'ऑक्टोबरची वारी' करावी लागे आणि वर्ष वाया जाई. २०१५ सालापासून नापास मुलांची फेरपरीक्षा त्याच वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला होऊ लागली. एक पेरणी हुकली तर आपण रान पडीक ठेवत नाही, दुबार पेरणी करतो. मग एका पेपरापायी लेकराचे शिक्षण पडीक का ठेवायचे? आणि मुलीचे तर मुळीच ठेवू नका. मुलगा नापास झाला तर आपण क्लास शोधतो आणि मुलगी नापास झाली तर स्थळ शोधतो. हा हिशेब कोणत्याच ताळ्यात बसत नाही.

ती मुलगी त्या वर्षी पास झाली. फार मोठे गुण नव्हते, चाळीसपैकी सत्तावीस. पण निकालाच्या दिवशी तिची आई पेढे घेऊन आमच्या ओसरीवर आली आणि म्हणाली, "गुरुजी, ते क्ष म्हणजे काय, ते आता मलाबी कळतं."

तेव्हा आज संध्याकाळी एवढे करा. जेवणे उरकली की मुलाला म्हणा, "ये, बस इथं, आणि मला एक गणित समजावून सांग." कळले नाही तरी ऐका. मधेच उठू नका.

पुढच्या आठवड्यात भेटूच. राम राम!